आपल्या बेळगाववर माहितीपट करायचा कुणी? बंगळूरनं, मुंबईनं की आपण?

वडगावचा_माग

मंडळी नमस्कार,

बरेच दिवस मनात होतं, आज लिहितोच. दूरदर्शन-आकाशवाणी चालवणाऱ्या प्रसार भारतीनं जुन्या संग्रहातलं बरंच काही यूट्यूबवर टाकलंय. रात्री जेवणं झाली की मी ते बघत बसतो. गायक, चित्रकार, नाटकवाले यांच्या मुलाखती, शहरांवरचे माहितीपट. बघताना एकच गोष्ट सलते. यात आपलं बेळगाव कुठं आहे?

खासगी वाहिन्यांचं सोडा. त्यांच्या गाड्या आपल्याकडे येतात त्या एक नोव्हेंबरच्या काळ्या दिनाला आणि सुवर्णसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरलं की. घोषणा, लाठ्या, बसला फासलेलं काळं, झालं. बाकी वर्षभर इथं माणसं राहतात हे त्यांच्या गावीही नसतं. बळ्ळारी नाल्याचं पाणी पावसाळ्यात वडगाव-शहापूरच्या शिवारात शिरतं आणि भात कुजतं. २०१६ साली स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत आपलं नाव आलं, त्यानंतर कुठला रस्ता किती वेळा उकरला ते ज्याच्या दारात खड्डा होता त्यालाच ठाऊक. शहापूर, खासबाग, वडगावचे माग एकेक करून थांबतायत. यातल्या कशावरही कुणी महिनोन्‌महिने राहून, माणसांशी बोलून तासाभराचं काम केलंय का? असं काम सरकारी टीव्हीनंच करायला हवं असं माझं ठाम मत आहे, कारण तो आपल्या पैशांवर चालतो आणि टीआरपीसाठी त्याला कुणाचं भांडण लावावं लागत नाही.

तर दोन गोष्टी विचारायच्यात. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या शहरी जगण्यावर किंवा कलेवर दूरदर्शनचा माहितीपट तुम्ही पाहिलाय का? आणि नसेल, तर मागं लागायचं कुणाच्या?

अनगोळकरीण

पहिला प्रतिसाद माझा! माझ्या आठवणीत तरी नाही. लहानपणी टीव्हीवर संध्याकाळी कन्नड कार्यक्रम लागायचे. आजीला कळायचं नाही, पण ती समोर बसून भाजी निवडत सगळं बघायची. मराठी दूरदर्शन आमच्याकडे आलं ते केबलबरोबर. तोवर मुंबईची पाहुणे मंडळी ‘गजरा’ आणि ‘चिमणराव’ची नावं घ्यायची आणि आम्ही नुसत्या माना डोलवायचो.

निपाणकर

आमच्याकडे टीव्हीपेक्षा सांगली आकाशवाणी मोठी. १९६३ पासून ती सुरू आहे, आणि सीमाभागातल्या कितीतरी घरांत तीच आपली मराठी शाळा होती. धाग्याला जरा अवांतर आहे, पण मुद्दा तोच आहे की ओ. आवाज पोचला, चित्र पोचलं नाही.

कॅम्प_निवासी

वडगावचा_माग, तळमळ पटली, गृहीतक पटलं नाही. दूरदर्शनही जाहिराती घेतं, वेळ विकतं, प्रायोजित कार्यक्रम लावतं. १९९७ साली प्रसार भारती झाली म्हणून सरकारचा हात निघाला असंही नाही. आणि आता टीव्ही बघतं कोण? माझ्या पुतण्यानं गेल्या जुलैत नाल्याचा एक मिनिटाचा व्हिडिओ टाकला, दुसऱ्या दिवसापर्यंत गावभर फिरला. तुमचा तासाभराचा माहितीपट मंजूर होईपर्यंत नाल्यावर इमारत उभी राहील.

वडगावचा_माग

कॅम्प_निवासी, पुतण्याचं कौतुकच आहे. पण तो व्हिडिओ आज शोधा बघू. आणि त्यात काय होतं? पाणी. पाणी आम्ही दर वर्षी बघतोय. नाला मुळात अरुंद कुणी केला, गाळ काढायची निविदा कधी निघाली, शेतकऱ्याला भरपाईचा अर्ज करायला किती कचेऱ्या फिराव्या लागल्या, हे एका मिनिटात मावत नाही. ते दाखवायला उन्हाळ्यातही तिथं जावं लागतं, नाला कोरडा असतो तेव्हा.

२०१९ च्या ऑगस्टचं सांगतो. खासबागेत माझ्या आत्याच्या घरी खड्डामाग होता. ज्यांनी बघितला नसेल त्यांच्यासाठी: विणणारा जमिनीच्या पातळीवर बसतो आणि पाय खाली खड्ड्यात, पाय मारायच्या फळ्यांवर. पाणी आलं ते उंबऱ्यावरून नाही, आधी त्या खड्ड्यातूनच वर आलं. जमिनीतून. आत्या म्हणाली, “घरात पाणी कुठनं शिरलं विचारतात सायेब, आन् मी सांगते ते त्यांना पटत नाही.” ताणा भिजला, सुताला कांजी होती ती सुटली, सगळे धागे एकमेकांना चिकटून वाळले. साडी निम्मी विणून झालेली. ती ना कापता येत होती ना पुढं विणता. पंचनाम्याच्या कागदावर मागाचं लाकूड आलं, निम्मी साडी आली नाही. हे सगळं मी तुम्हाला लिहून सांगतोय, पण तो खड्डा दिसल्याशिवाय कळत नाही. म्हणून माहितीपट.

खानापुरी_कॅमेरा

निवृत्त आहे, हयात मुंबईत गेली, कामच चित्रीकरणाचं. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

मुंबई केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. सुरुवातीच्या काळात बाहेरचं चित्रीकरण म्हणजे १६ मिलिमीटरची फिल्म. ती धुवायला द्यायची, कापायची, मग प्रक्षेपण. एक रीळ दहा-अकरा मिनिटांचं, त्यामुळे कॅमेरा चालू करण्यापूर्वी माणसाशी आधी भरपूर बोलून घ्यायचं, चहा प्यायचा, त्याला सवय होऊ द्यायची. मला वाटतं त्या काळच्या कामात जी नजर आहे ती यातून आली. पुढं यूमॅटिक टेप आली, मग बीटाकॅम. टेप महाग, म्हणून जुन्या कार्यक्रमावर नवा चढवायची पद्धत सर्रास होती. किती मुलाखती, किती नाटकं अशी पुसली गेली याचा हिशेब नाही. त्यामुळे “बेळगाववर काही झालंच नाही” असं छातीठोक कुणी म्हणू नये. झालेलं पुसलंही गेलं असेल.

दुसरं, केंद्रांचा नकाशा बघा. कर्नाटकात कार्यक्रम तयार करायची केंद्रं बंगळूर आणि कलबुर्गी. बंगळूर १९८१ चं. कलबुर्गीच्या मागं ‘साईट’ प्रयोगाचा वारसा आहे: १९७५-७६ मध्ये अमेरिकेच्या उपग्रहावरून सहा राज्यांतल्या २४०० गावांत टीव्ही दाखवला, त्यात आपल्या शेजारचं विजापूर होतं, रायचूर होतं, गुलबर्गा होतं. बेळगाव नव्हतं. या बाजूला मुंबई, पुणे, नागपूर, आणि घाट उतरलं की पणजी. प्रत्येक केंद्राला आपापलं राज्य आणि आपापली भाषा वाटून दिलेली. बेळगावचा मराठी माणूस राज्यानं बंगळूरकडे आणि भाषेनं मुंबईकडे. दोघांचाही, म्हणून कुणाचाच नाही. यात कुणाचा कट नाही, कामाची वाटणीच तशी आहे, आणि म्हणूनच ती आपोआप सुधारणार नाही.

शनिवार_खूट

काका, काय लिहिलंय! “राज्यानं बंगळूरकडे आणि भाषेनं मुंबईकडे” हे भिंतीवर लिहून ठेवावं.

गोवावेस_ताई

काकांनी सांगितलेलं आम्ही अनुभवलंय. मी आणि माझी मैत्रीण, दोघींनी मिळून बेळगावच्या नाटकांवर एक प्रस्ताव केला होता. गुर्लहोसूरचे अण्णासाहेब किर्लोस्कर, त्यांनी १८८० साली पुण्यात ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणण्याआधीची बेळगावातली वर्षं, तिथपासून आजच्या गल्लीतल्या हौशी मंडळांपर्यंत. एका केंद्राकडे पाठवला. उत्तर आलं की विषय चांगला आहे पण आपण कर्नाटकात, तिकडच्या केंद्राकडे बघा. तिकडच्या केंद्राला फोन केला तर म्हणाले मराठी नाटक आमच्याकडे कसं बसणार, तिकडे बघा. दोन्हीकडची माणसं बोलायला सभ्य होती. फाईल अजून माझ्या कपाटात आहे.

मलप्रभेकाठचा

माझं घर बैलहोंगलचं, घरात कन्नड, शिक्षण बेळगावात मराठी मित्रांत. म्हणून दोन शब्द स्पष्ट बोलतो, राग मानू नका.

दूरदर्शनची कन्नड चंदन वाहिनी तुमच्यापैकी किती जण लावतात? लावत नाही, आणि म्हणता काही दाखवत नाही. श्रीकृष्ण पारिजात हा लोकनाट्याचा खेळ आपल्याच जिल्ह्यातला, पूर्वी गोकाक तालुक्यात असलेल्या कुलगोडचा. कौजलगी निंगम्मांनी त्यात काम करून नाव गाजवलं, एका बाईनं त्या काळात. त्या खेळाचं आणि आपल्या भागातल्या लोककलांचं चित्रण मी कन्नड टीव्हीवर पाहिलंय. तो बेळगाव जिल्हाच आहे ना? की बेळगाव म्हणजे फक्त खडेबाजार ते टिळकवाडी?

टिळकवाडी_जुना

मलप्रभेकाठचा, राग नाही. पण प्रश्न कलेपुरता नाही. इथं मुलांच्या मराठी शाळांचा प्रश्न आहे, सरकारी कागद कळत नाही म्हणून खेटे घालणाऱ्या म्हाताऱ्यांचा प्रश्न आहे. सीमावाद १९५६ पासून चाललाय, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. आमच्या पैशांवर चालणाऱ्या वाहिनीवर आमच्या शहराची गोष्ट आमच्या भाषेत दिसली पाहिजे. हा हक्क आहे, उपकार नाही. यावर मी मागं हटणार नाही.

मलप्रभेकाठचा

काका, मागं हटा असं मी कुठं म्हटलं? मराठीत पाहिजेच. मी म्हणतोय, पारिजात तुमचाही आहे, तो तुमच्या यादीत घ्या.

टिळकवाडी_जुना

तो घेतला. आनंदानं घेतला. माझ्या वडिलांनी रात्र रात्र जागून बघितलाय तो.

चिकोडी_एक्सप्रेस

माहितीपट करणार असाल तर आमच्या आजोबांना नक्की घ्या. बोलायला लागले की कॅमेऱ्याच्या दोन बॅटऱ्या संपतील आणि ते अजून १९२४ च्या काँग्रेसपर्यंतच आलेले असतील, ज्या अधिवेशनाला ते स्वतः जन्मलेलेही नव्हते 😄

अनगोळकरीण

😂😂 आमच्याही गल्लीत आहेत असे. गांधीजी कुठल्या रस्त्यानं गेले ते काल पाहिल्यासारखं सांगतात.

निपाणकर

आता मी जे सांगणार आहे ते नीट वाचा, कारण मला स्वतःला ते कळलं तेव्हा झोप लागली नव्हती.

सीमाभागातल्या शहरावर, तेही कामगार बायकांवर, मराठी बोलणारा माहितीपट झालेला आहे. १९८२ साली. निपाणीच्या तंबाखू कामगार बायकांवर. तो दूरदर्शनचा नाही. दीपा धनराज आणि त्यांच्या मैत्रिणी-सहकाऱ्यांचा ‘युगांतर’ नावाचा गट बंगळूरमध्ये होता, त्यांनी केला. त्याच गटानं त्याआधी पुण्याच्या मोलकरणींच्या संघटनेवरही माहितीपट केला होता. गेल्या काही वर्षांत हे माहितीपट जपून डिजिटल केलेत, नेटवर शोधलंत तर माहिती मिळेल.

माझी आजी वखारीत होती. वखार म्हणजे काय ते बाहेरच्यांना माहीत नसतं. लांब, बुटकी खोली, पत्र्याचं छप्पर, खिडक्या बंद, कारण वाऱ्यानं माल उडतो. बायका ओळीनं बसून तंबाखू कुटायच्या, चाळायच्या. खकाणा एवढा उडायचा की संध्याकाळी आजी घरी आली की आधी अंगणात पदर झटकायची आणि आम्हा पोरांना सगळ्यांना शिंका. ती पाणी प्यायची आणि म्हणायची, “पानी बी कडूच लागतंय.” नाक-तोंड बांधलं तर हात चालत नाही, आणि हात चालला नाही तर त्या दिवसाची मजुरी कमी. बाळंतीण झालेली बाई महिन्याभरात परत वखारीत. त्या बायकांनी संघटना केली, संप केला, मालकासमोर उभं राहून बोलायला शिकल्या. आमच्या घरात हे कुणी मोठ्यानं सांगितलं नव्हतं. मला ते कळलं पडद्यावरून, आजी गेल्यावर. कॅमेरा वखारीच्या आत गेलाय आणि बायका स्वतः बोलतायत. आजीच्या शेजारी कोण बसायचं, तिचा आवाज कसा असेल, मी प्रत्येक चेहऱ्यात शोधत होतो.

हे निपाणीच्या शाळेत दाखवलं गेलं पाहिजे. हे सह्याद्रीवर, चंदनवर दोन्हीकडे लागलं पाहिजे.

गोवावेस_ताई

निपाणकर, डोळ्यांत पाणी आलं. आत्ता शोधते.

शनिवार_खूट

निपाणी म्हटलं की आम्हाला शरद जोशींचं तंबाखू शेतकऱ्यांचं आंदोलन, १९८१ चं, आणि तो गोळीबार आठवतो. वखारीतल्या बायकांचं कुणी बोललंच नाही आमच्यासमोर. त्याच गावात, त्याच वर्षांत चाललेलं.

कॅम्प_निवासी

निपाणकर, वाचून गप्प बसलो होतो. पण बघा, यातून माझाच मुद्दा निघतो. बेळगाव जिल्ह्यावरचं हे काम सरकारी टीव्हीनं नाही, स्वतंत्र माणसांनी केलं. मग दूरदर्शनच्या दारात कशाला उभं राहायचं?

खानापुरी_कॅमेरा

कारण केलं ते स्वतंत्र माणसांनी, पण दाखवायचं कुणी? तुम्ही-आम्ही चाळीस वर्षांनी बघतोय. निपाणकरांच्या आजीनं जिवंतपणी बघायला हवं होतं, घरात बसून, आपल्या टीव्हीवर.

माहितीपट करणारा आणि दाखवणारा वेगळा असू शकतो. २००० साली पब्लिक सर्व्हिस ब्रॉडकास्टिंग ट्रस्ट निघाला, त्यानं स्वतंत्र दिग्दर्शकांकडून माहितीपट करून घेतले आणि ते दूरदर्शनवर लागले. शहरं, बायका, कारागीर, कलावंत, असे कितीतरी विषय त्यात आले. म्हणजे वाट आहे. आणि जिथं दूरदर्शन दाखवायला तयार नव्हतं तिथं आनंद पटवर्धनांसारखे लोक कोर्टात गेले. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांचा माहितीपट दाखवायला लावला. सरकारी वाहिनीवर नागरिकाचा असा दावा सांगता येतो. यूट्यूबवर सांगून बघा.

आधी सरकारचं फिल्म्स डिव्हिजन होतं, १९४८ चं. टॉकीजमध्ये मुख्य सिनेमाआधी त्यांचा माहितीपट लागायचाच, तसा नियम होता. आम्ही पोरं तेवढ्यात शेंगा घेऊन यायचो. पण न मागता देशातलं काहीतरी डोळ्यांसमोर यायचं. २०२२ मध्ये ते एनएफडीसीत, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात, विलीन झालं. त्याच सुमारास दूरदर्शनचे जमिनीवरचे जुने ट्रान्समीटरही बहुतेक बंद झाले. आता फ्री डिश आणि मोबाईल. दाखवायची जागा बदललीय, दाखवायची जबाबदारी तीच आहे.

सदाशिवनगर_मीरा

मी इंजिनिअरिंगला आहे, धाग्यावर सगळ्यात लहान असेन. आमच्या पिढीला टीव्ही नको असं नाही, आम्हाला आमचं काही दिसत नाही म्हणून आम्ही जात नाही. प्रसार भारतीचं ‘वेव्हज’ ॲप नोव्हेंबर २०२४ मध्ये आलं, फुकट बरंच बघता येतं. त्यात बेळगावचा माहितीपट आला तर मी पहिली शेअर करेन.

आणि भाषेचं विचारते. निवेदन लागतंच का? आमच्या घराखालच्या दुकानात काका गिऱ्हाईकाशी कन्नडात, बायकोशी मराठीत, पुरवठादाराशी हिंदीत आणि देवाशी कोकणीत बोलतात. कॅमेरा लावून ठेवला तर माहितीपटही तसाच बोलेल. खाली दोन्ही भाषांत उपशीर्षकं द्यायची.

टिळकवाडी_जुना

मीरा बेटा, तुझं पटतंय आणि धास्तीही वाटतेय. उपशीर्षकांत मराठी राहते आणि हळूच मूळ आवाज दुसराच होतो. मराठी बोलणाऱ्या माणसाला मराठीत बोलू द्यायचं, त्याच्या तोंडून दुसरं काही वदवायचं नाही, एवढी अट घाल. मग निवेदन नसलं तरी चालेल.

सदाशिवनगर_मीरा

आजोबा, अट मान्य. आमची आजी बोलायला लागली तर दुसरं काही वदवायची कुणाची टाप आहे!

रंगपेटी

चित्रकलेचं कुणी काढलं नाही म्हणून लिहितो. के. बी. कुलकर्णी सर. बेळगावात राहून त्यांनी चित्रकारांच्या पिढ्या घडवल्या. रवी परांजपे त्यांचेच विद्यार्थी, बेळगावात जन्मलेले, पुढं सगळ्या देशानं ज्यांची चित्रं बघितली. परांजपे २०२२ साली गेले. सरांकडे शिकलेली माणसं अजून आहेत, सत्तरी-ऐंशीच्या घरात. सर व्यक्तिचित्र काढताना आधी डोळे न काढता कपाळावरचा उजेड कसा धरायचे, विद्यार्थ्याच्या हातातला ब्रश न घेता नुसतं बोट दाखवून चूक कशी सांगायचे, हे ती माणसं हात हलवून दाखवतात. पुस्तकात ते येत नाही. ती माणसं गेली की संपलं. कुमार गंधर्व सुळेभावीचे, २०२४ ला त्यांची जन्मशताब्दी होऊन गेली. त्यांच्या गाण्याचं चित्रण तरी आहे. सरांच्या शिकवण्याचं हलतं चित्र कुणाकडे असेल तर मला कळवा, मी कुठंही यायला तयार आहे.

अनगोळकरीण

आणि पु. ल.! आर. पी. डी. कॉलेजात शिकवायचे. पुढं दिल्लीत टीव्ही सुरू झाला तेव्हा तिथं निर्माते म्हणून कोण? पु. ल.! टीव्हीच्या पाळण्याची दोरी बेळगावच्या सरांच्या हातात होती की ओ.

शनिवार_खूट

ताई 👏👏 हे तर मागणीपत्राच्या पहिल्या ओळीत घाला.

वडगावचा_माग

दोन दिवस बाहेरगावी होतो, आल्यावर सगळं सलग वाचलं. निपाणकरांचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला.

मूळ प्रश्नाकडे येतो, मागं कुणाच्या लागायचं. काकांचा नकाशा वाचल्यावर माझं उत्तर ठरलंय. दोघांच्याही, एकाच वेळी, एकाच कागदावर. बंगळूर आणि मुंबई दोन्ही केंद्रांना एकच पत्र, प्रत दिल्लीला प्रसार भारतीला. मागणी अशी: दोन केंद्रांनी मिळून काम करावं, उपशीर्षकं दोन्ही भाषांत, दाखवायचं दोन्ही वाहिन्यांवर. “तिकडे बघा” म्हणायला जागाच ठेवायची नाही. गोवावेस ताईंची नाटकाची फाईल सोबत जोडायची. निपाणीचा माहितीपट बनवणाऱ्यांची परवानगी घेऊन तो दोन्हीकडे दाखवावा, ही वेगळी मागणी.

मलप्रभेकाठचा, पत्राचा कन्नड मसुदा तुम्ही कराल का? भाषांतर नको, तुमच्या पद्धतीनं लिहा.

मलप्रभेकाठचा

करतो. पारिजात वरती राहील, सांगून ठेवतो 🙂

कॅम्प_निवासी

माझी सही घ्या. उत्तर येईल असं मला अजूनही वाटत नाही. पण उत्तर येईपर्यंत हात बांधून बसायचं नाही, ही माझी अट. पुतण्याकडे चांगला कॅमेरा आहे, माईक आहे. रंगपेटी म्हणतात ती सत्तरी-ऐंशीची माणसं पत्राच्या उत्तराची वाट बघत थांबणार नाहीत. त्यांचं बोलणं आत्ताच घेऊन ठेवू. पुढं कुणी माहितीपट करायला आलंच तर त्याला आयतं मिळेल. एक प्रत सार्वजनिक वाचनालयाला द्यायची तयारी आहे का विचारू, १८४८ पासून पुस्तकं जपतायत ते.

रंगपेटी

मी तीन घरं सांगतो, फोन मी करतो. पुतण्याला म्हणावं, पहिल्या भेटीत कॅमेरा पिशवीतच ठेव.

खडेबाजार_लता

रोज वाचते, लिहीत नव्हते. वडिलांनी शिवजयंतीच्या चित्ररथांचं आणि गल्लीतल्या मंडळाच्या नाटकांचं चित्रण केलं होतं, व्हीएचएस कॅसेटी आहेत, एक ट्रंकभर. ते गेल्यापासून ट्रंक उघडली नव्हती, काल उघडली. काहींवर पांढरट काहीतरी आलंय. व्हीसीआर शेजाऱ्यांकडे आहे, लावून बघू का?

खानापुरी_कॅमेरा

लताताई, लावू नका! ती बुरशी आहे. खिडकीतून रिळाच्या कडेला पांढरं दिसत असेल तर ती कॅसेट मशीनमध्ये घालायचीच नाही. हेडला बुरशी लागते आणि नंतर घातलेल्या चांगल्या कॅसेटीही खराब होतात. शिवाय चिकटलेली टेप खेचली की तुटते. पुढं-मागंही फिरवू नका.

आत्ता एवढंच करा. पांढरं दिसणाऱ्या वेगळ्या काढा. सगळ्या पुस्तकासारख्या उभ्या ठेवा, आडव्या नको. उन्हात अजिबात ठेवू नका, पंख्याखाली कोरड्या खोलीत राहू द्या. वडिलांनी लेबलवर जे लिहिलंय त्याचे फोटो काढा आणि कुठली कॅसेट कुठल्या डबीत होती ती अदलाबदल करू नका, कारण कोणत्या वर्षाचा चित्ररथ ते त्यावरूनच लागेल. चांगल्या कॅसेटी मी माझ्या मशीनवर एकदाच चालवतो आणि त्याच वेळी संगणकावर उतरवून घेतो. बुरशीच्या साफ करायला वेळ लागेल, त्या घरी नेतो.

रविवारी सकाळच्या गाडीनं खानापूरहून येतो. स्टेशनवर कुणी दुचाकी घेऊन आलं तर बरं, मशीन जड आहे.

कॅम्प_निवासी

काका, पुतण्या गाडी घेऊन येतो. दुचाकी नको, चारचाकी आणायला सांगतो.